गोड्या पाण्याची कळशी

बाई,

तुला आई अशी हाक आम्ही दोघी बहिणींनी कधी मारलीच नाही. स्टेशनावरची माणसं तुला बाई म्हणायची, म्हणून आमच्याही तोंडी तेच बसलं, जसं वडिलांना दादा. तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि आता तर वाचायला तू नाहीसही. तरी लिहिते. समोर बसून बोलायला लागले की तू म्हणायचीस, "तुझं त्वांड म्हंजी मालगाडी, डबं संपतच न्हाईत." आता म्हण बघू! आता मी बोलणार आणि तू मुकाट ऐकणार. आक्काबद्दल बोलायचं आहे. ती कशानं गेली, ते.

परवा नगरहून मनमाडला निघाले होते. आपल्या स्टेशनात आता गाडी थांबत नाही, शिटी वाजवते आणि निघून जाते. खिडकीतून दिसलं तेवढं बघून घेतलं. फलाटाची दगडी कड, तिकिटाच्या खिडकीवर ठोकलेल्या फळ्या आणि मागं आपली खोली होती तिथं माजलेल्या बाभळी. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "इथं कोणी उतरत होतं का हो कधी?" मला असा राग आला! म्हटलं, अहो, सगळा मुलूख उतरत होता इथं. गुळाच्या ढेपा चढत होत्या, तुपाचे डबे, कोंबड्यांची खुराडी, बाजाराच्या दिवशी शेळ्या. लग्नाची वऱ्हाडं यायची, टपालाची थैली यायची, कुणी मेल्याची तार यायची. गोऱ्यांनी रूळ टाकले तेव्हा दादांच्या आज्यानं भरावाची माती वाहिली होती आणि पुढं दादा त्याच स्टेशनात सांधेवाले झाले. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, तो खटका त्यांच्या हातात. गावात घड्याळ नव्हतं. सकाळची गाडी गेली की चुली पेटायच्या आणि दुपारची आली की रानातली माणसं सावलीला बसायची. त्या बाईंनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांना काय त्याचं?

मग लढाई लागली आणि स्टेशनाचा चेहराच बदलला. उतारूंच्या गाड्या कमी केल्या. भिंगारच्या छावणीकडे जाणाऱ्या लष्कराच्या गाड्या वेळीअवेळी यायला लागल्या, खिडक्या लावून घेतलेल्या, आत कोण आहे ते कळू न देणाऱ्या. दिव्यांना काळे टोप बसवले. एरवी दादांशी चेष्टा करणारे स्टेशनमास्तर गप्प झाले, तारयंत्र खडखडलं की दचकायला लागले. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, या गाड्यांतून काहीतरी येणार, बरं नाही येणार. आम्ही हसायचो. तू मात्र हसत नव्हतीस. तुझा जीव तेव्हा पुढच्या स्टेशनात अडकला होता, कारण आक्काला दिवस गेले होते.

आक्काचा नवरा पुढच्या स्टेशनावर हमाल होता. माणूस भला, पण तिथलं पाणी मचूळ. आक्काला ते तोंडात धरवेना. एक घोट घेतला की उलटी, दुसरा घेतला की पोटात मळमळ. आपल्या स्टेशनाची विहीर मात्र गोड्या पाण्याची. त्या उन्हाळ्यात ती तळाला गेली होती, गावातली आटलेली, म्हणून सगळं गाव पोहरे घेऊन स्टेशनाच्या विहिरीवर यायला लागलं. मास्तरांनी नेम करून दिला, नोकरांच्या घरटी एक खेप. आपल्या वाट्याला आलेलं ते पाणी तू घरात वापरलंच नाहीस. फडक्यातून गाळायचीस, पितळी कळशीत भरायचीस, तोंडाला धडपं घट्ट बांधायचीस आणि जी गाडी थांबेल तिच्या गार्डाच्या हातात द्यायचीस. "माझी पोटुशी लेक हाय, सायेब, सांडू नगा." गार्ड हसायचे. पण एकाही गार्डानं कधी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या गाडीनं रिकामी कळशी परत यायची.

आणि आपण काय प्यायचो, आठवतं? इंजिनाचं पाणी. समोरच्या गाडीसाठी मालगाडी खोळंबली की दादा घागर घेऊन इंजिनापाशी जायचे, ड्रायव्हर नळी सोडायचा आणि उकळतं पाणी फुसफुसत घागरीत पडायचं. रांजणात ओतून ते निववायचं. लोखंडाचा वास, वर तेलाचा तवंग. मी नाक मुरडलं की तू डाफरायचीस, "गपगुमान पी. चांगलं हाय ते तिला जाऊ दी." चांगलं ते तिला. तुझं सगळं आयुष्यच तसं गेलं, चांगलं ते दुसऱ्याला.

तो माणूस उतरला तो दिवस ज्येष्ठातला होता, ऊन मी म्हणत होतं. कुठून आला, कुणाचा कोण, कुणालाच कळलं नाही. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर बसलेला होता आणि थोड्या वेळानं आडवा झाला. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, धोतर भरलेलं. मास्तर लांबूनच म्हणाले, त्याला हात लावू नका. आपल्या स्टेशनाचा हमाल पळाला. तू गेलीस. त्याला विहिरीजवळच्या निंबाखाली ओढत नेलंस, पाणी पाजलंस, त्याचं धोतर सोडून विहिरीच्या कट्ट्यावर धुतलंस. मी ओरडले, बाई, काय करतेस? तू वर न बघता म्हणालीस, "कुनाचं तरी लेकरू हाय. असंच घाणीत मरू द्यायचं व्हय?" कट्ट्याला चिरा होत्या. धुतलेलं पाणी त्या चिरांतून कुठं गेलं, ते ना तुला दिसलं ना मला. संध्याकाळच्या आत तो गेला.

चार दिवस काही झालं नाही. मग गावात एकाच आळीत तीन माणसं गेली. मग वरच्या आळीत. त्या रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं, "आईचा फेरा आलाय" एवढंच म्हणायचे. पटकी हा शब्द उच्चारला तर ती आपलं नाव ऐकून वळून बघेल, अशी भीती. विहिरीवर बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. पोहरा टाकायचा, ओढायचा, खाली मान घालून निघून जायचं. माणसं कमी होत गेली तसं विहिरीचं पाणी वाढल्यासारखं वाटायला लागलं. तू तर म्हणालीस सुद्धा, "आज जरा जास्त मिळालं, आक्काला काठोकाठ भरते." देवा! ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

गावाची रीत तुला मी सांगायला नको. असा फेरा आला की मरीआईची टोपली भरायची. हिरवं लुगडं, बांगड्या, हळदीकुंकू, लिंबं, निंबाचा पाला. हलगी वाजवत ती शिवेपलीकडं नेऊन ठेवायची, की ती आपलं गाव सोडून पुढं गेली. पुढच्या गावानं तिला त्याच्या पुढं न्यायची. पण त्या साली दोन्ही बाजूंची गावं काठ्या घेऊन शिवेवर बसली होती. आमच्याकडं आणाल तर डोकी फुटतील, असा निरोप आला. आणि मग कुणाच्या तरी डोक्यातून ती गोष्ट निघाली. ती रेल्वेनं आली. मग रेल्वेनंच जाऊ दे.

दुपारची वेळ होती. लष्कराची गाडी पुढं काढायची म्हणून मालगाडी बाजूच्या रुळावर घेतलेली. हलगी ऐकू आली आणि सगळं गाव, म्हणजे जे उरलं होतं ते, रूळ ओलांडून आलं. पुढं पाटील, त्यांच्या मागं एका बाईच्या डोक्यावर टोपली. त्या बाईची दोन पोरं त्याच आठवड्यात गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. पाटलांनी मास्तरांना हात जोडले. म्हणाले, "मास्तर, एक रिकामा डबा द्या फकस्त. तुमचं काय जातं?" मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं, आत गेले आणि तिकिटाची खिडकी लावून घेतली. म्हणजे त्यांनी काही बघितलं नाही. टोपली एका उघड्या रिकाम्या डब्यात ठेवली गेली. हलगी थांबली. इंजिनाची वाफ तेवढी ऐकू येत होती.

दादा हातात निशाण घेऊन उभे होते. तू कळशी काखेत घेऊन गार्डाच्या डब्याकडं निघाली होतीस. दादा तुझ्या अंगावरून जाताना हळूच म्हणाले, "त्यो डबा पुढल्याच ठेशनावर सोडनार हायेत. गूळ भरायला." बस्स, एवढंच बोलले. बायकोला सांगितलं, पण स्वतः हलले नाहीत. मी त्यांच्यावर कितीतरी वर्षं रागावून होते त्यासाठी. आता वाटतं, तो माणूस तरी काय करणार होता? गावात राहायचं होतं त्याला.

तू कळशी माझ्या हातात दिलीस, कासोटा घट्ट केलास आणि त्या डब्यात चढलीस. मी जन्मात कधी तुला तशी चढताना बघितलं नव्हतं. टोपली उचलून दारापाशी आलीस. पाटील ओरडले, "अगं ए, काय करतीस? खाली ठिव ती!"

"ठेवनार न्हाई. माझी लेक हाय तिथं. पोटुशी हाय."

"आन् आमची लेकरं कुनाची हुती?" ती टोपलीवाली बाई म्हणाली. ओरडली नाही, साधंच म्हणाली. "माझी दोन गेली. तुझ्या लेकीसाठी तिसरं बी देऊ का?"

तू टोपली घेऊन डब्यातून खाली उतरलीस.  मग तू म्हणालीस, "न्हाई गं बाई. तिसरं नगं. ठेशन गावाच्या शिवेभाईर हाय ना, पाटील? मग ती भाईर गेलीच की. हितंच ऱ्हाऊ द्या तिला. माझ्या खोलीत बसवते. काय घ्यायचं ते माझ्या घरात घिऊ दे."

पाटलांनी मान खाली घातली. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. लष्कराची गाडी धाडधाड निघून गेली, तिच्या वाऱ्यानं टोपलीतला पाला उडाला. माणसं एकेक करून मागं फिरली. मालगाडीला निशाण मिळालं, गार्डानं शिटी फुंकली, तेव्हा तुझं ध्यान एकदम माझ्या हाताकडं गेलं. "अगं, कळशी! पळ की!" आणि मी पळाले नाही तर तूच पळालीस, टोपली फलाटावर ठेवून, कळशी हिसकून घेऊन. चालत्या गाडीत गार्डाच्या हातात दिलीस. थेंबही सांडला नाही. सगळ्या गावानं त्या दिवशी टोपलीकडं बघितलं. कळशीकडं बघायचं कुणाला सुचावं?

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुलाच सांगते. टोपली आपल्या खोलीच्या कोपऱ्यात होती. तू तिच्यापुढं दिवा लावायचीस, भाकरीचा पहिला तुकडा ठेवायचीस. आपल्या दारावरून कुणी जाईना. मास्तरांच्या बायकोनं पोरं माहेरी पाठवून दिली. दादा कामावरून आले की उंबऱ्यातच बसायचे. मी पोट दुखतंय का म्हणून सारखी पोटाला हात लावून बघायचे. तुम्ही दोघं झोपलात की तुमचा श्वास चालू आहे ना, ते ऐकत पडायचे. कुणाला नेईल? मला वाटायचं मला, कारण मी सगळ्यांत लहान. पण आपल्यातल्या कुणालाच साधी शिंकही आली नाही. इंजिनाचं उकळलेलं पाणी पीत होतो आपण. आणि रोज सकाळी तू विहिरीवर जाऊन तिची कळशी भरत होतीस.

तार आली तेव्हा मास्तरांनी दादांना आत बोलावलं. दादा बाहेर आले ते डोक्याचा पटका हातात धरून. तू त्यांच्याकडं बघितलंस आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडं बघितलंस. विचारलंही नाहीस काही. आक्का गेली होती, पोटातल्या बाळासकट, एका दिवसात. जावई कळशी घेऊन आला. भिंतीला टेकून रडत होता आणि म्हणत होता, "दुसरं पानीच नगं म्हनत हुती वो. शेवटपातुर तुमच्या कळशीतलंच मागत हुती. म्या चमच्या-चमच्यानं पाजलं." तू ती कळशी छातीशी धरलीस. टोपली तू एकटीनं उचललीस आणि नदीत सोडून आलीस. परत आल्यावर म्हणालीस, "मी तिची वाट अडवली. म्हनून तिनं माझंच दार गाठलं." त्यानंतर किती वर्षं तू हे म्हणत राहिलीस! भाकरी थापताना, निजताना, कुणी विचारलं नसताना.

पुढं मला नगरला नर्सिंगला घातलं, तेही तुझ्याच हट्टामुळं. दादा म्हणत होते, पोरीच्या जातीला कशाला. तू म्हणालीस, "एक गेली. हिला दुसऱ्याच्या लेकी वाचवू द्या." वर्गात पटकीचा धडा आला त्या दिवशी आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर विहीर काढली. कट्टा, कट्ट्याच्या चिरा, वर कपडे धुणारी एक बाई, आणि खडूची रेघ चिरांतून खाली पाण्यापर्यंत. मग म्हणाल्या, उकळलेल्या पाण्यात हे जंतू जगत नाहीत. मी वर्ग सोडून उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मैत्रिणी म्हणाल्या, उन्हानं झालं असेल. मी त्यांना तसंच समजू दिलं. माझ्या डोळ्यांसमोर फळा नव्हता, तुझे हात होते, फडक्यातून पाणी गाळणारे.

सुट्टीत आले ते तुला सांगायचं ठरवूनच. वाटेत पाठ केलं होतं सगळं, की बाई, मरीआईनं काही केलं नाही, तू टोपली अडवलीस म्हणून काही झालं नाही, ते पाणी होतं. उद्या कुणा पोटुशीला पाजशील तर उकळून पाज. आले तर तू चुलीपुढं बसलेली. केस पांढरे झालेले. मी विषय काढला, म्हटलं, आक्काचं... आणि तू माझं वाक्य पुरंच होऊ दिलं नाहीस. म्हणालीस, "सगळं चुकलं पोरी माझं तिच्या बाबतीत. पर एक बरं केलं. मचूळ पान्यानं तिचा घसा कोरडा ऱ्हाऊ दिला न्हाई. माझ्या हातचं गोडं पानी पिऊन गेली ती." असं म्हणताना तुझा चेहरा पहिल्यांदा मऊ झाला. सगळ्या गेलेल्या गोष्टींतली तेवढी एकच तुझ्या हातात उरली होती आणि मी ती काढून घ्यायला आले होते. मी चहा टाकते म्हणाले.

नंतर नोकरीत मी गावोगाव फिरले. किती विहिरींत औषध टाकलं, किती बायांशी भांडले, किती पाटलांना तोंडावर अडाणी म्हणाले. माझी जीभ तुझ्यासारखी मऊ नाही, हे तुला ठाऊक आहे. कुणी मेल्या पोराकडं बघून म्हणालं, "त्याची वेळच भरली हुती," की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वेळ कसली भरते? म्हणायचे, पाणी उकळलं नाहीत तुम्ही, म्हणून गेलं ते! तोंडावर सांगायचे, आयांना सुद्धा. कित्येक आया माझ्याकडं ज्या नजरेनं बघायच्या, तुला खरं सांगितलं असतं तर तूही तसंच बघितलं असतंस.

तुझ्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी होते. तुला शुद्ध आली आणि तू माझा हात धरलास. "तू शिकलीस. खरं सांग. मी टोपली अडवली म्हनून गेली का आक्का?"

"न्हाई बाई," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

"मग कशानं गं?"

बाई, तुझे डोळे माझ्यावर होते. मी नर्सच्या पोशाखात होते, ड्यूटीवरून तशीच आले होते. मी म्हटलं, "तिची वेळच भरली हुती." जन्मात तेवढ्या एकदाच मी ते बोलले. तू हुश्श केलंस, माझा हात सोडलास आणि भिंतीकडं कूस वळवलीस.

आज सगळं लिहून काढलं. वाचून बघितलं. तू जिवंत असतीस, तुला वाचता येत असतं, तरी मी हे तुझ्या हाती दिलं नसतं.